लाडका कुत्रा गेल्यावर वयाने मोठा कुत्रा दत्तक घेताना: कोणत्या क्रमाने काय करायचं

"आणून चार दिवस झाले, काही जमत नाहीये. परत द्यावा का?" असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. त्या घरातला जुना कुत्रा काही महिन्यांपूर्वी गेलेला असतो, घर खायला उठलेलं असतं, आणि कुणाकडून तरी कळतं की पाच वर्षांचा एक चांगला कुत्रा घर शोधतोय. दुसऱ्या दिवशी तो घरात. खोदून विचारलं की बहुतेक वेळा कुत्र्यात काही खोट निघत नाही. क्रम उलटा झालेला असतो. कुत्रा आधी आला आणि चौकशी, तयारी, घरातल्यांचा होकार हे सगळं मागून सुरू झालं.

पुढचे टप्पे एक वर्षावरच्या, आधी कुणाच्या तरी घरी राहिलेल्या कुत्र्यासाठी आहेत. माझा आधीचा कुत्रा बंड्या गेल्यावर लिलीला आणताना यातल्या दोन गोष्टी मी चुकले. त्याचा त्रास लिलीला झाला, म्हणून त्या जागी जरा जास्त लिहिलं आहे.

## टप्पा १: घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा

"किती महिने थांबावं?" या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही. कुणी दोन महिन्यांत तयार होतं, कुणी दोन वर्षांनीही नाही. आणि एकाच घरात दोन्ही प्रकारची माणसं असतात. जो बोलत नाही त्याला आधी विचारा, आणि एकटं गाठून विचारा. सगळ्यांसमोर विचारलं की तो "चालेल" म्हणतो आणि नंतर नव्या कुत्र्याला हातही लावत नाही.

स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: पहिला आठवडाभर हा कुत्रा तुमच्याकडे ढुंकूनही न बघता कोपऱ्यात बसून राहिला, तर तुम्हाला काय वाटेल? "बसू दे, येईल हळूहळू" असं मनापासून वाटत असेल तर पुढे जा. "आमचा असा नव्हता" हे पहिलं मनात आलं, तर थोडं थांबा.

दुसरी खूण फोटो बघताना कळते. तोच रंग, तोच कान, तीच जात यांवरच बोट थांबत असेल तर तुम्ही गेलेल्यालाच शोधताय. दिसायला सारखा कुत्रा आणला की अपेक्षाही सारख्या होतात, आणि त्या पूर्ण करणं त्या जिवाच्या हातात नसतं. मुद्दाम वेगळा दिसणारा कुत्रा निवडा, असा माझा आग्रह असतो.

घरात दुसरा कुत्रा किंवा मांजर मागे राहिली असेल, तर तिचं खाणं, झोप, फिरणं पूर्ववत झाल्याशिवाय नवा जीव आणू नका. सोबती गेल्यावर जनावरंही आठवडे-महिने मलूल राहतात.

इशारा: मुलांना "आपण नवीन बंड्या आणू" असं कधीही सांगू नका. बंड्या गेला. आता येतोय तो दुसरा कुत्रा, त्याचं नाव दुसरं.

मन डळमळत असेल तर मधला मार्ग आहे. कायमचं घर मिळेपर्यंत एखाद्या कुत्र्याला काही आठवडे सांभाळायला घ्या. त्यात तुमचं तुम्हालाच कळतं.

## टप्पा २: जुन्या कुत्र्याच्या वस्तूंचे तीन ढीग करा

हे काम नवा कुत्रा येण्याआधी करायचं. तो दारात उभा असताना गळपट्टा हातात घेऊन रडत बसण्याची वेळ येऊ नये.

१. आठवण म्हणून ठेवायच्या वस्तू: गळपट्टा, आवडता चेंडू, फोटो. हे एका डब्यात घालून उंचावर ठेवा. नव्या कुत्र्याला हे द्यायचं नाही. त्याने तो चेंडू फाडला तर तुम्हाला राग येईल, आणि चूक त्याची नसेल.

२. धुऊन वापरता येण्यासारखं: पिंजरा, लोखंडी स्टँड, स्टीलची भांडी. गरम पाणी आणि साबण. गादी, पांघरूण शक्यतो नवीनच घ्या.

३. टाकायचं: उरलेली औषधं, मुदत संपलेलं खाणं, चावून झिजलेला पट्टा. औषधांबाबत मी फार काटेकोर आहे. जुन्या कुत्र्याच्या वेदनाशामक, हृदयाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या "कधी लागतील" म्हणून ठेवू नका. वजन, आजार, मात्रा, सगळंच वेगळं असतं.

आता माझी पहिली चूक. बंड्याचं भांडं स्वयंपाकघराच्या दाराशी असायचं. तिथे फरशीवर भांड्याचा गोल डाग पडला होता. लिलीचं खाणं मी त्याच भांड्यात, त्याच गोलावर ठेवलं. ती मागचे पाय जागेवरून न हलवता फक्त मान लांब करायची, काठ हुंगायची आणि तशीच मागे सरायची. दोन दिवस तिने तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी नवं भांडं आणलं आणि ते येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर, खोलीच्या शांत कोपऱ्यात ठेवलं. त्या रात्री तिने खाल्लं.

तपासा, जुना कुत्रा संसर्गाने गेला होता का? पार्व्होचा (रक्ताची हगवण-उलट्या करणारा संसर्ग) विषाणू घरात आणि मातीत महिनोन्महिने, कधी वर्षाहूनही जास्त टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. आधी फरशी साबणाने स्वच्छ करा. मग १ भाग घरगुती ब्लीच ३२ भाग पाण्यात मिसळून लावा आणि १० मिनिटं ओलं राहू द्या. ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही क्लीनर मिसळायचं नाही, आणि काम करताना खिडक्या उघड्या ठेवा. डिस्टेंपरचा (श्वास, पोट आणि मेंदूवर परिणाम करणारा आजार) विषाणू मात्र बाहेर फार काळ जगत नाही. गोचिडीचा ताप झाला असेल तर भिंतीच्या फटी, पायऱ्यांच्या कडा, पलंगाचे सांधे बघा; गोचिडी रक्ताशिवायही काही महिने दबा धरून राहतात. पिसवांचे कोशही तसेच. कारण कोणतंही असो, नवा कुत्रा कधी आणायचा हे पशुवैद्यांना विचारूनच ठरवा.

## टप्पा ३: आधीच्या घराला "स्वभाव कसा आहे?" असं विचारू नका

या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळतं: "खूप शांत आहे, काही त्रास नाही." देणाऱ्याला कुत्र्याचं भलं हवं असतं, म्हणून तो चांगलंच सांगतो. स्वभाव विचारण्याऐवजी घडलेले प्रसंग विचारा.

१. शेवटचा गुरगुरला कधी? तेव्हा कोण जवळ होतं, त्याच्या तोंडात किंवा पुढ्यात काय होतं?

२. कुणाला दात लागलेत का? कातडी फुटली होती का?

३. घरात एकटा किती वेळ राहिलाय? परत आल्यावर घराची अवस्था काय असायची? शेजाऱ्यांनी तक्रार केली होती का?

४. खाताना भांड्याजवळ हात नेला तर काय करतो?

५. लहान मुलं, मांजर, दुसरे कुत्रे: प्रत्यक्ष सोबत राहिलाय, की फक्त रस्त्यावर बघितलेत?

६. फटाके, मेघगर्जना, मोटारीचा प्रवास यांना कसा वागतो?

७. झोपतो कुठे? दिवसात किती वेळा आणि कोणत्या वेळी बाहेर जातो?

८. कोणत्या शब्दाला बसतो, कोणत्या शब्दाला थांबतो? नेमका शब्द आणि नेमकी भाषा लिहून घ्या. "सिट" शिकलेल्या कुत्र्याला "बस" कळणार नाही, आणि आपण म्हणू की ऐकत नाही.

९. याआधी किती घरं झाली?

"का देताय?" हा प्रश्न सर्वांत शेवटी. तो सुरुवातीला विचारला की माणसं बचावाच्या पवित्र्यात जातात. "वेळ देता येत नाही" या उत्तरामागे बरेचदा एखादा प्रसंग असतो. वरचे प्रश्न नीट विचारले असतील तर तोवर तो बाहेर आलेला असतो.

इशारा: "आजच न्या, उद्या दुसरे येणार आहेत" असा रेटा आला तर तो कुत्रा तुमच्यासाठी नाही असं समजा. घाईत आणि दुःखात माणूस हे नऊ प्रश्न विसरतो.

## टप्पा ४: दोन वेळा भेटा, दोन वेगळ्या जागी

पहिली भेट त्याच्या घरी. तिथे तो निर्धास्त असतो, त्यामुळे खरं वागणं दिसतं. त्याच्याकडे जाऊ नका, एका बाजूला बसा, त्याला येऊ द्या. दुसरी भेट मोकळ्या जागेत, पट्ट्यावर फिरवताना. घरातले सगळे दुसऱ्या भेटीला हवेत, मुलंसुद्धा.

बघायचं काय? शेपूट हलतेय म्हणजे खूश, हा गैरसमज सोडा. अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेलं आणि शेपूट उंच हलत असेल तर तो तणावात आहे. वारंवार ओठ चाटणं, कारण नसताना जांभया, मान वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघताना डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, या सगळ्याचा अर्थ "जरा लांब राहा" असाच होतो. सैल अंग, सैल तोंड, नागमोडी चाल, आपणहून जवळ येणं या चांगल्या खुणा.

तीन सेकंदांची कसोटी घ्या. छातीजवळ किंवा खांद्यावर तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. तो पुढे सरकला तर त्याला आवडलं. जागेवरच राहिला किंवा मान वळवली, तर पुरे. घरातल्या मुलांना हे आधीच शिकवून ठेवा; पुढे रोज कामी येतं.

## टप्पा ५: कागद आणि वस्तू आधी, कुत्रा नंतर

लसीकरणाचं कार्ड, जंतनाशकाच्या तारखा, निर्बीजीकरणाची नोंद, आधीच्या पशुवैद्यांचे कागद, चालू औषधं. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिचा क्रमांक घ्या, बहुधा १५ अंकी असतो. चिप अंगात आहे पण नोंद जुन्या मालकाच्या नावावर, हे सर्रास घडतं. हरवला तर फोन त्यांना जाईल. मालकी तुमच्याकडे आल्याचं दोन ओळींचं सहीचं पत्रही घ्या.

सध्याचं खाणं दहा दिवस पुरेल इतकं मागून आणा. शक्य असेल तर त्याची न धुतलेली चादर किंवा सतरंजीही आणा. तिला त्याच्या घराचा वास असतो.

घरात एक शांत कोपरा ठरवा, जिथून दार दिसेल पण माणसांची वर्दळ नसेल. गादी, पाणी, चघळायचं काही. हा कोपरा जुन्या कुत्र्याच्या जागी नको. आणि त्या कोपऱ्यात तो असताना कुणी त्याला हात लावायचा नाही, हा नियम मुलांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना.

तपासा: गळपट्टा आणि गळ्याच्या मध्ये फक्त दोन बोटं जायला हवीत. छातीला बांधायचा हार्नेस वेगळा हवा. तुमचा फोन नंबर असलेला बिल्ला आणण्याच्या दिवशीच गळ्यात हवा, दुसऱ्या दिवशी नाही.

## टप्पा ६: आणण्याचा दिवस

दुसरी चूक मी इथे केली. लिलीच्या गळ्यात फक्त पट्टा होता. गाडीचं दार उघडलं, मागे कुणीतरी हॉर्न दिला, तिने मान खाली घालून दोन पावलं मागे घेतली आणि पट्टा माझ्या हातात रिकामा राहिला. दोन तासांनी ती एका उभ्या गाडीखाली सापडली. हाक मारून उपयोग नव्हता, तिला माझा आवाज ओळखीचाच नव्हता. मी जमिनीवर तिच्याकडे पाठ करून बसून राहिले तेव्हा ती सरपटत बाहेर आली.

म्हणून पहिले काही आठवडे दोन दोऱ्या: एक गळपट्ट्याला, एक हार्नेसला, दोन्ही हातात. नवे कुत्रे पळतात ते बहुतेक याच दिवसांत, आणि दारातून किंवा गाडीतून उतरताना.

क्रम असा ठेवा:

१. सुट्टीच्या सलग दिवसांतला पहिला दिवस निवडा, सकाळची वेळ.

२. घरात नेण्याआधी घराजवळ १५-२० मिनिटं सावकाश फिरवा. शू-शी तिथेच होऊ द्या.

३. घरात पट्ट्यासकट न्या. एक-दोन खोल्या दाखवा, सगळं घर नको. मग त्याच्या कोपऱ्यात पाणी दाखवून पट्टा सोडा.

४. त्यानंतर काहीही करू नका. पाहुणे नाहीत, आंघोळ नाही, फोटोसाठी मिठ्या नाहीत.

घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांची पहिली भेट घराबाहेर, दोन माणसं, दोन पट्टे, एकाच दिशेने, मध्ये भरपूर अंतर ठेवून चालत. अंतर हळूहळू कमी करा. समोरासमोर तोंडाला तोंड लावू नका, पट्टे ताणू नका. घरात खेळणी, हाडं उचलून ठेवा आणि दोघांचं खाणं वेगळ्या खोल्यांत. त्यातला एखादा फार म्हातारा असेल किंवा लसीकरण अपुरं असेल, तर दोघांना किती दिवस वेगळं ठेवायचं हे आधी डॉक्टरांना विचारा. खोकल्याचे आजार आणि डिस्टेंपर यांची लक्षणं एक-दोन आठवड्यांनी दिसू शकतात.

## टप्पा ७: पहिले तीन दिवस, कमी प्रेम आणि ठरलेल्या वेळा

हे वाचायला कठोर वाटेल, पण आपल्या मनात साठलेली माया एकदम त्याच्यावर ओतली की तो बिथरतो. त्याचंही घर नुकतंच सुटलंय. या दिवसांत त्याला एवढंच कळायला हवं की पाणी कुठे, खाणं कधी, बाहेर कधी, झोपायचं कुठे. वेळा शक्यतो त्याच्या जुन्या घराच्या ठेवा.

पहिला दिवस खाल्लं नाही तरी घाबरू नका. घरातलं चमचमीत समोर ठेवून लाडावू नका. नवी जागा आणि नवं खाणं एकदम आलं की पोट बिघडतं. खाणं बदलायचंच असेल तर ७ ते १० दिवसांत: आधी पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण, मग पूर्ण. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची गोळी त्याच्या आवाक्यात ठेवू नका. माणसांच्या तापाच्या किंवा अंगदुखीच्या गोळ्या तर चुकूनही नाही.

लगेच डॉक्टर: दिवसभर पाणी प्यायला नाही, २४ तासांत शू केली नाही, दोन दिवस अन्नाला शिवला नाही, वारंवार उलटी, रक्ताची शी, धाप.

आतून मोडलेला कुत्रा आणि शांत कुत्रा दिसायला सारखेच असतात. कोपऱ्यात निपचित पडून राहतो, हाक मारली तर बघत नाही, आणि घरचे म्हणतात "किती गुणी आहे". खरा स्वभाव काही आठवड्यांनी दिसू लागतो. तेव्हा तो भुंकेल, सोफ्यावर चढेल, चप्पल पळवेल. माणसं म्हणतात बिघडला. तो आत्ता कुठे रुळलाय.

## टप्पा ८: पहिले तीन आठवडे

पहिल्या आठवड्यात पशुवैद्यांकडे न्या. वजन, दात, कान, कातडी, रक्त, विष्ठेची तपासणी. डासांमुळे होणारा हृदयातल्या जंतांचा आजार असेल तर लागण झाल्यापासून साधारण सहा महिने तो चाचणीत दिसत नाही, म्हणून दुसरी चाचणी कधी करायची ते विचारून ठेवा. लसीकरणाचा पुरावा नसेल तर "दिली असेल" असं गृहीत धरू नका. मादी असेल आणि निर्बीजीकरणाची नोंद नसेल, तर शेवटची माजावर कधी आली होती ते सांगा.

घरात शू केली तर ओरडू नका. मोठा झाला तरी नव्या घरात त्याला दार कुठलं हे शिकावंच लागतं. उठल्यावर, खाल्ल्यावर, झोपण्यापूर्वी बाहेर न्या, तिथेच कौतुक करा. डाग एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. अमोनियाचा वास असलेलं काही वापरलं तर तो पुन्हा तिथेच जातो.

एकटं राहायची सवय दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच लावा. सुट्टी घेतली म्हणून चोवीस तास जवळ राहिलात तर सुट्टी संपल्यावर त्याचा धीर सुटतो. दुसऱ्या खोलीत दहा सेकंद, मग मिनिट, मग पाच मिनिटं, मग घराबाहेर. जाताना येताना समारंभ नको. जुना फोन लावून रेकॉर्ड करा. घाबरणारा कुत्रा बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच येरझाऱ्या, लाळ, दार ओरबाडणं सुरू करतो. तसं दिसलं तर वेळ कमी करा, शिक्षा नको.

गुरगुरला तर थांबा आणि मागे व्हा. गुरगुरणं ही सूचना असते. ती दटावून बंद पाडली की तो कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावू शकतो. काय झाल्यावर गुरगुरला ते लिहून ठेवा.

एक वही करा. खाणं, शी, झोप, भीती, नवीन शिकलेलं. रोज दोन ओळी. डॉक्टरांना उपयोगी पडते, आणि तुम्हालाही. अकराव्या दिवशी "काहीच फरक नाही" असं वाटतं तेव्हा दुसऱ्या दिवसाचं पान वाचा.

## टप्पा ९: नाव आणि तुलना

नाव बदलायचं का? मोठ्या कुत्र्याचं नाव शक्यतो तसंच राहू द्या. त्या घरातून त्याच्याबरोबर आलेली तीच एक ओळखीची गोष्ट असते. आधीच्या घरात ते नाव ओरडायलाच वापरलं जात असेल तर बदला, खाऊ देत देत.

तुलना मनात येणारच, ती अडवता येत नाही. त्याच्यासमोर, मुलांसमोर बोलू मात्र नका. तुमचा जुना कुत्रा तुम्हाला आठवतो तो शेवटच्या वर्षांतला, तुमची प्रत्येक हालचाल ओळखणारा. त्याच्या पहिल्या महिन्यात त्याने काय काय फाडलं होतं, ते घरात बसून आठवून बघा. आठवण काढायला वेगळी वेळ ठेवा, रडू आलं तर रडा. लिली आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी बंड्याच्या फिरण्याच्या वाटेवर एकटीच जाऊन आले. तिला ती वाट दाखवली ती नंतर, आणि तिने भलत्याच झाडाला थांबून हुंगलं.

## टप्पा १०: तीन महिने झाले आणि जमत नसेल तर

आधी वेदना आहे का ते तपासून घ्या. दात, कान, सांधे दुखत असतील तर चांगला कुत्राही अंगावर येतो. मग शिक्षा न करता शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला घरी बोलवा. कातडी फोडणारा चावा, लहान मुलावर रोखलेली नजर किंवा घरातल्या दुसऱ्या कुत्र्यावर पुन्हा पुन्हा हल्ला असेल, तर तीन महिने वाट बघू नका, त्याच दिवशी वेगळं ठेवा आणि मदत मागा.

आणि तरीही द्यावाच लागला, तर ज्यांच्याकडून घेतला त्यांना आधी कळवा. रस्त्यावर किंवा अनोळखी माणसाकडे सोडू नका. त्याचं कार्ड, चिपचा क्रमांक, न धुतलेली चादर आणि तुमची वही सोबत द्या. वहीत त्याला कशाची भीती वाटते तेही खरं लिहा, कारण पुढचं घर तुम्हाला तेच नऊ प्रश्न विचारणार आहे.